श्रीवत्सनं घातलेलं कुलूप

श्रीवत्स रागावला असता तर विशालाक्षीला एवढा घोर लागला नसता. त्याचा राग तिच्या ओळखीचा होता. लहानपणी तो रागावला की दार आपटायचा, भरल्या ताटावरून उठायचा आणि थोड्या वेळानं डोळे पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायचा. पण या शुक्रवारी तो बेंगळुरूहून म्हैसूरला एकटाच आला आणि हसतमुखानं आला. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, लावलेल्या पेरूच्या झाडाचं कौतुक केलं, जेवताना हुळीची आमटी पुन्हा पुन्हा मागून घेतली. बायकोचं नाव निघालं की मात्र एवढंच म्हणायचा, "सिंचनाचं काय, बरं चाललंय. फार बरं चाललंय." ते 'फार बरं' विशालाक्षीला काट्यासारखं सलत होतं.

आपला मुलगा हेवेखोर आहे, हे कुठलीही आई चारचौघांत बोलत नाही. विशालाक्षीनं मुलींच्या कॉलेजात गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं, शेकडो मुलांच्या आयांना तिनं तोंडावर खरं सांगितलं होतं. घरच्या बाबतीत मात्र ती 'जरा मनाला लावून घेतो' यापलीकडे गेली नाही. पण तिला ठाऊक होतं. मावसभाऊ शेषाद्रीला पाठांतरात शाईचं पेन बक्षीस मिळालं, तेव्हा श्रीवत्सनं ते मोडलं नाही, लपवलंही नाही. गोड बोलून मागून घेतलं, वही भरभरून रेघोट्या मारल्या आणि शाई संपल्यावर नेऊन दिलं. शेषाद्री रडायला लागला तर हा म्हणे, "पेन तसंच आहे की. मी काय केलं?" त्या दिवशी मोठी माणसं हसली होती. विशालाक्षीही हसली होती.

पुढे या हेव्यानंच त्याला मोठं केलं असं म्हणायला हरकत नाही. वर्गात कोणी पुढे गेलं की तो रात्रीचा दिवस करायचा. इंजिनीअर झाला, बेंगळुरूत नोकरी लागली आणि तिथं त्याला हवं तसं काम मिळालं. संगणकात फायली जिथं साठवल्या जातात त्या कोठाराची सगळी व्यवस्था, काय कुठं ठेवायचं, कसं शोधायचं, वीज गेली तर काय वाचवायचं, हे लिहिणारी जी जगभर विखुरलेली माणसं आहेत त्यांतला तो एक झाला. ही माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात. ज्यानं त्यानं आपली दुरुस्ती लिहायची आणि सगळ्यांना दिसेल अशा सामाईक टपालात टाकायची. ज्याला खोट दिसेल त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर सांगायचं. दुरुस्ती पसंत पडली की तिच्या तळाशी लिहिणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं, कल्पना सुचवणाऱ्याचं, अशी सगळ्यांची नावं कायमची कोरली जातात. श्रीवत्सला हे फार आवडायचं. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं असतात तसं, तो म्हणायचा, फक्त इथं पैसे देऊन चालत नाही.

आणि मग त्या कोठारात त्याच्या हातून एक चूक झाली. कुठल्याशा देशातल्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाची वीज गेली. आली तेव्हा एका अख्ख्या लग्नाच्या फायली नाहीशा झाल्या होत्या. त्या माणसानं सामाईक टपालात लिहिलं, शोधाशोध झाली आणि दोष श्रीवत्सच्या लिखाणात निघाला. जगासमोर त्याला बोलणी बसली. कोणी शिवी दिली नाही. पण सभ्य शब्दांत चार जण बोलतात ते शिवीहून वाईट असतं. त्या आठवड्यात तो घरी आला होता तेव्हा जेवला नव्हता.

त्यावर उपाय म्हणून त्यानं एक भलंमोठं कुलूप घातलं. एखादा प्रोग्राम म्हणाला की ही फाइल आत्ता, या क्षणी डिस्कवर पक्की कर, की आधी ते कुलूप हातात घ्यायचं, सगळी लिहालिही उरकायची आणि मगच सोडायचं. तोवर बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. विशालाक्षीला हे एका वाक्यात समजलं होतं, कारण तिचं लहानपण लष्कर मोहल्ल्यातल्या वठारात गेलं होतं. दोन्ही बाजूंना ओळीनं घरं, मधे अंगण आणि सगळ्यांत मिळून एक नळ. जिच्या हाती नळ ती बाई सगळी भांडी तिथंच घासून, विसळून, घागर भरूनच उठायची.

त्या कुलपानंतर कोणाचं काही हरवलं नाही. पण यंत्रं मोठी होत गेली, एकाच वेळी शेकडो फायली पक्क्या करायला येऊ लागल्या आणि रांग वाढत गेली. जो तो त्या कुलपाच्या नावानं खडे फोडू लागला. त्या लोकांत 'श्रीवत्सचं कुलूप' हा चेष्टेचा शब्द झाला. कुठं काही अडलं, साधं जेवायला उशीर झाला, तरी म्हणायचे, श्रीवत्सचं कुलूप लागलं वाटतं. तोही हसायचा.

सिंचना त्याच्याकडे शिकायला आली होती. सागरजवळच्या सुपारीवाल्यांची मुलगी, बोलायला मोकळी, कामाला वीज. त्यानंच तिला ओळ न् ओळ समजावली, त्यानंच तिची पहिली दुरुस्ती तपासली आणि तळाशी आपलं नाव घातलं. दोघांचं नंजनगूडला लग्न झालं. पहिली दोन वर्षं दोघं एका टेबलाशी बसायची. मग त्यानं आपलं टेबल दुसऱ्या खोलीत नेलं. आवाज होतो म्हणे.

संक्रांतीला दोघं आली होती तेव्हा सिंचनानं सासूला सांगितलं होतं. एळ्ळू-बेल्ल, म्हणजे तिकडचा तिळगूळ, मिसळायला दोघी बसल्या होत्या, खोबऱ्याचे बारीक तुकडे करता करता ती म्हणाली, "अत्ते, यांनी तुमच्या वठारातल्या नळाचं सांगितलं होतं ना, त्यावरून एक डोक्यात आलंय. भांडी नळाखाली कशाला घासायची? आपापल्या दाराशी घासायची आणि नळावर फक्त विसळायला यायचं. मग नळ अडतोच किती वेळ?"

विशालाक्षी म्हणाली, "आमच्याकडे एक कमलम्मा करायची तसं."

"मग बाकीच्या का नाही करायच्या?"

"बाकीच्या तिच्यावर जळायच्या ना. वेळ कुठला मिळायचा?"

सिंचना खूप हसली होती. विशालाक्षीही हसली, पण रात्री तिच्या मनात आलं की इतकी साधी गोष्ट आपल्या वत्साला इतकी वर्षं कशी सुचली नाही. आणि सुचली ती हिलाच का.

त्याप्रमाणे सिंचनानं लिहिलं. लिहायची सगळी तयारी कुलपाबाहेर करायची आणि कुलूप घ्यायचं ते फक्त शेवटची नोंद करण्यापुरतं. सामाईक टपालात टाकलं आणि जगभरातून वाहवा सुरू झाली. लोक आपापल्या यंत्रांवर लावून बघायचे आणि लिहायचे, रांग निम्म्याहून कमी झाली. कोणीतरी लिहिलं, अखेर श्रीवत्सच्या कुलपाची किल्ली सापडली.

अप्पांना या साऱ्यात एकाच गोष्टीची गंमत वाटायची. शनिवारी जेवताना त्यांनी पुन्हा तेच काढलं. "एका घरात राहता, एका भांड्यातलं सारू जेवता आणि एकमेकांना पत्रं लिहिता ती जगाला दाखवून. आम्ही निदान पाकीट चिकटवायचो रे." श्रीवत्स म्हणाला की त्यांच्यात रीतच तशी आहे, कामाचं बोलणं उघड्यावरच व्हायचं, नवराबायको असली म्हणून आड बोलायचं नाही. "मग तू काय लिहिलंस तिला?" अप्पांनी विचारलं. तो म्हणाला, अजून काही नाही.

हे 'अजून काही नाही' आणि ते 'फार बरं', दोन्ही मिळून विशालाक्षीला झोप लागू देईनात.

रविवारी सकाळी ती भिजवलेले अवरेकाळू, वालाचे दाणे, घेऊन मागच्या पडवीत बसली. थंडी संपत आली होती, बाजारात शेवटचे अवरे होते आणि त्यांच्या सोललेल्या डाळीची आमटी, हितकिद बेळे, केल्याशिवाय मुलाला परत पाठवायचं तिच्या जिवावर आलं होतं. दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, साल हातात राहते आणि डाळ टुणकन भांड्यात पडते. श्रीवत्स आपणहून शेजारी येऊन बसला आणि सोलू लागला. सिंचना बेंगळुरूतच राहिली होती. शेवटच्या तपासण्या चालल्या होत्या.

सहज विचारावं तसं विशालाक्षीनं विचारलं, तिची दुरुस्ती घेतली का. तो म्हणाला, उद्या घेतील. झेक देशातल्या ब्रनोचा ओल्द्रिख नावाचा एक म्हातारा सगळ्यांच्या दुरुस्त्या शेवटी गोळा करतो. त्यानं लिहिलं होतं की मूळ कुलूप श्रीवत्सचं, तेव्हा त्याचं मत यावं म्हणून आपण थांबलो. त्याला काही म्हणायचं नसेल तर सोमवारी आत घेतो.

"मग तुला काही म्हणायचंय?"

"मला काय म्हणायचं असणार? सगळं जग छान म्हणतंय."

तो दाणे फार निगुतीनं सोलत होता. एकही डाळ मोडू देत नव्हता. मग खाली बघत, जणू दाण्यालाच सांगावं तसा तो म्हणाला, "वीज गेली की कळेल."

विशालाक्षीचा हात थांबला. काय कळेल, असं तिनं विचारलं. आधी त्यानं उडवून लावलं, मग हळूहळू सांगितलं. सांगताना तो चवीचवीनं बोलत होता. सिंचना कुलपाबाहेर तयारी करते, तेव्हाच फाइलचं नाव बघून ठेवते. आता ती तयारी करतेय आणि कुलूप हातात यायचंय, एवढ्या फटीत दुसऱ्या कोणी त्या फाइलचं नाव बदललं तर? सिंचना जुनंच नाव नोंदवून मोकळी होते. त्याच क्षणी वीज गेली, की परत आल्यावर यंत्र जुन्या नावानं शोधणार. तिथं कोणी नाही. नवं नाव नोंदलेलंच नाही. फाइल गेली.

"तिनं तपासून नाही पाहिलं?"

"पाहिलं असणार, हजारदा. इतकी बारीक फट आहे की तपासणीत सापडत नाही. ज्याची बोटं तिथं पोळली आहेत त्यालाच दिसते."

"आणि नीट करायला?"

"एक ओळ. कुलूप हाती आलं की एकदा पुन्हा बघायचं, नाव तेच आहे ना."

"मग सांग की तिला, वत्सा. एक ओळ."

"तिनं विचारलंय मला?" आता त्यानं मान वर केली. "सकाळी समोर बसून इडली खाते. एक शब्द नाही. सगळ्या जगाला पाठवलं तेव्हा मला आलं, खाली बाकीच्यांच्या रांगेत माझं नाव. मी मोडता घालीन असं वाटलं असेल तिला. बरं, मी काही मोडता घातला नाही."

विशालाक्षी म्हणाली, "तो फोटोवाला आठवतो ना तुला?"

त्यानं हातातला दाणा सोलून डाळ भांड्यात टाकली. मग म्हणाला, "तेव्हा माझ्या बाजूनं कोण बोललं होतं, अम्मा? एक जण? टपाल उघडं आहे. हजार लोक वाचतात. हजारांपैकी कोणालाही दिसू दे. मी खोटं लिहिलं नाही, तिचं काही बिघडवलं नाही. मी नुसता गप्प आहे."

एवढं बोलून तो उठला, हात धुतले आणि अप्पांना म्हणाला, चला, कुक्करहळ्ळी तळ्याला एक फेरी मारून येऊ. जाताना त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. हलका, प्रेमळ हात. बापलेक फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या. या वर्षी तळ्यावर पक्षी कमी आलेत म्हणून.

विशालाक्षी तशीच बसून राहिली. घोर आता नुसता घोर राहिला नव्हता, त्याला आकार आला होता. उद्या तो म्हातारा श्रीवत्सच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेईल. मग ते जगभर जाईल. आणि कधीतरी कुठंतरी कोणाची वीज जाईल. तेव्हा टपालात सगळ्यांसमोर सिंचनाला उभं करतील. तेव्हा हा काय करील? मदतीला धावेल, एक ओळ लिहील, तळाशी आपलं नाव घालील. आणि सिंचना हुशार आहे. एक ना एक दिवस ती विचारील, तुम्हाला इतक्या लवकर कसं दिसलं? त्या दिवशी त्या घरात काय उरेल?

हे सगळं तिच्या डोक्यात स्पष्ट होतं. तरी ती उठत नव्हती, आणि का उठत नाही हे तिला आधी कळेना. मग कळलं. वत्सानं 'वीज गेली की कळेल' म्हटलं तेव्हा सगळ्यांत आधी तिला भीती वाटली नव्हती. आधी पोटात काहीतरी गार, सुखाचं उतरलं होतं, उन्हातून आल्यावर घोटभर मज्जिगे, ताक प्यावं तसं. म्हणजे सिंचनाही चुकते तर.

सरस्वतीपुरमला एका मुंजीत एका बाईनं विचारलं होतं, श्रीवत्सही सिंचनाच्याच हाताखाली असतो का हो? तेव्हापासूनचं ते होतं. त्याच्याही आधीपासूनचं असेल. वत्सानं तांदळाची अक्की रोट्टी तोडत म्हटलं होतं, अम्मा, सिंचनासारखी पातळ थाप ना. सिंचनाच्या माहेराहून बागेतली सुपारी यायची आणि अप्पा ती सगळ्यांना दाखवत फिरायचे. अठ्ठावीस वर्षं ज्या मुलाच्या ताटात काय पडतं ते तिनं बघितलं, त्याला काय सुचतं ते आता दुसरीच कोणी बघत होती आणि त्याच्याही पुढे जात होती. सून चांगली होती. तेच तर होतं. वाईट असती तर नावं ठेवून मन हलकं करता आलं असतं.

मग तिला एक युक्ती सुचली. सिंचनाला फोन करायचा आणि एवढंच म्हणायचं, अगं, एकदा तुझ्या नवऱ्याला विचार. काम दाखव, चुकतंय का विचार. तो काय म्हणाला होता? तिनं विचारलंय मला? विचारलं की सांगेल. कोणाचं तोंड काळं होणार नाही. वत्साचा मान राहील, तिचं काम वाचेल. विशालाक्षी भांडं बाजूला सारून उठली सुद्धा. पण दिवाणखान्यात येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की ही युक्ती आपल्याला जरा जास्तच आवडली आहे. सिंचना खाली मान घालून विचारते आहे, वत्सा खुर्चीत मागे टेकून ऐकतो आहे, हे चित्र तिनं मनात दोनदा बघून घेतलं होतं. आणि समजा त्यानं तेव्हाही 'छान आहे' म्हटलं तर? शाई संपेपर्यंत पेन वापरणाऱ्या माणसाचा काय भरवसा?

वत्सालाच फोन करावा का? तळ्यावर असेल, म्हणावं, तू सांग, नाहीतर मी सांगते. पण तो तडक घरी येईल. शेजारी बसेल, अम्मा म्हणेल, आणि पंधरा मिनिटांत आपल्याला पटवील की यात त्याचं काही चुकलं नाही. आजवर दर वेळी पटवलं होतं. पटवून घ्यायला ती दर वेळी तयारच असायची.

राहिला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यानं गेलं तर मुलगा तोंड फिरवणार होता. सिंचना विचारीलच, अत्ते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तेव्हा कुलपाचं, नावाचं, त्या फटीचं आपल्याला आपोआप सुचलं असं सांगता येणार नव्हतं. वत्सानं पाहिलं आणि गप्प बसला, हे आईच्याच तोंडून बायकोला कळणार होतं. संध्याकाळची गाडी धरून तो जाईल तो किती दिवस यायचा नाही कोण जाणे. पण आज कळलं तर सिंचना भांडेल. भांडण दार आपटण्यासारखं असतं, आवाज होतो आणि संपतं. सहा महिन्यांनी सगळ्या जगादेखत, एखाद्या लग्नाचे फोटो बुडाल्यावर कळलं, तर ती भांडणारही नाही.

विशालाक्षीनं वाक्य मनात जुळवून बघितलं. जुन्या सवयीनं, फळ्यावर मांडावं तसं. आधी नाव बदलण्याचं सांगायचं, म्हणजे काम वाचेल. मग वत्साचं. त्याची बाजू घ्यायची नाही आणि त्याला शिव्याही घालायच्या नाहीत. तिनं विचारलं नाही म्हणून त्याला लागलं, हेही सांगायचं, कारण तेही खरं होतं. स्वतःबद्दल काही सांगायचं की नाही ते तिला ठरवता येईना.

फाटक अजून वाजलं नव्हतं. तिनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि सिंचनाचा नंबर लावला.